आंब्याचा सीझन संपला की कादंबरीचा खर्डा बाहेर काढायचा

नोकरी सांभाळून कादंबरी लिहायचीय, कशी लिहू, असं दापोली-गुहागरकडची नवीन लिहिणारी पोरं विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. मी पतसंस्थेत कामाला, घरची थोडी हापूसची कलमं, आणि उरलेल्या वेळात कादंबरी. पैसे वगैरे काही मिळत नाहीत, ते डोक्यातून आधी काढा.

लिहायची वेळ म्हणाल तर पहाटे. रात्री लिहू म्हटलं की जेवण झाल्यावर डोळे मिटतात, शिवाय पावसाळ्यात संध्याकाळी लाईट कधी जाईल सांगता येत नाही. मी सकाळी पडवीत वही घेऊन बसतो, आणि आदल्या दिवशीची शेवटची दोन वाक्यं सोडून मागचं काहीही वाचत नाही, कारण मागचं वाचलं की हात दुरुस्तीला जातो आणि नवीन पान राहूनच जातं. खूप जण पहिलं प्रकरण वर्षभर घासत बसलेले मी बघितलेत. मोबाईलवर व्हॉइस टायपिंगही चांगलं चालतं, फक्त मालवणी संवाद बोलायला गेलात तर 'माका'चा मका होतो.

माझं लिखाण होतं ते पावसाळ्यात, म्हणजे जून ते गणपती. मग फवारण्या, मोहोर, आणि मार्चपासून पेट्या, त्यात वही कुठे ठेवलीय तेही आठवत नाही. बाहेरून हा तोटा वाटतो पण सेल्फ-एडिटिंगला ह्याच्याइतका उपयोगी दुसरा प्रकार नाही, कारण आंबा पिकायला अढीत घातला की रोज उपसून बघत नाहीत तसंच खर्ड्याचं आहे. लगेच वाचलं तर आपल्याला कागदावरचं दिसतच नाही, डोक्यातलंच दिसतं. तुमच्याकडे बाग नसेल तर मुद्दाम दोन-तीन महिने कपाटात ठेवा आणि दुसरं काहीतरी लिहायला घ्या.

नंतर काय करायचं, तर प्रिंट काढा. स्क्रीनवर नको. पहिल्या वाचनात एकही ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचा नाही, फक्त समासात पेन्सिलीने 'कंटाळा', 'खोटं वाटतं', 'हा इथे कशाला?' एवढंच लिहीत सुटायचं. मग एका वहीत प्रत्येक प्रकरणाची एक ओळ: कोण, कुठे, कुठली तिथी, आणि प्रकरण संपताना काय बदललं. शेवटचा रकाना रिकामा राहिला की ते प्रकरण धोक्यात. माझ्याकडे शिमग्याचं एक अख्खं प्रकरण होतं, पालखी, होळी, ढोल, सगळं होतं आणि वाचायलाही छान होतं, पण त्या रकान्यात लिहायला काही नव्हतं. जिवावर आलं, पण कापलं. ठेवला फक्त एक परिच्छेद, ज्यात पालखी घरापुढे नाचते, मोठा भाऊ खांदा देतो, आणि मानावरून भांडलेला धाकटा आतून दाराला कडी लावतो.

तिथीचा रकाना कशाला, तर समुद्र लिहायचा असेल तर तो लागतोच. आपल्याकडे भरतीचा साधा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास, दिवसाही आणि रात्रीही. म्हणजे पौर्णिमेच्या मध्यरात्री नायिका ओल्या वाळूतून लांबवर चालत गेली हे लिहायला कितीही गोड वाटलं तरी तेव्हा तिथे पाणी असतं. आणि नव्या खर्ड्यांत हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे समुद्रातून उगवणारा चंद्र. बाबांनो, आपला समुद्र पश्चिमेला आहे, चंद्र उगवतो सह्याद्रीकडून! तसंच १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, त्यामुळे ऐन आषाढात तुमचा नायक ट्रॉलर घेऊन बाहेर पडला तर हर्णैचा वाचक पुस्तक तिथेच मिटेल.

आता वाक्यं. मराठीत सगळ्यात मोठा रोग 'होता'चा. "गणू अंगणात उभा होता. पाऊस पडत होता. पागोळ्या गळत होत्या. त्याला आईची आठवण येत होती." चूक काहीच नाही आणि मेलेलं आहे. ह्याचं मी असं केलं: "गणू पागोळ्यांखाली उभा. आईने लावलेली कळशी भरून वाहायला लागली तरी त्याने ती उचलली नाही." आठवण हा शब्द गेला, आठवण राहिली. 'अचानक', 'जणू', 'क्षणभर', 'हळूच' हे शब्द सर्च करून बघा, किती निघतात ते बघून लाज वाटेल.

संवाद मोठ्याने वाचायचे, घरचे हसले तरी. दापोलीच्या माणसाच्या तोंडी 'माका काय म्हायत नाय' घालू नका, कोकणी माणूस म्हणजे मालवणी असं मुंबईकरांना वाटतं, आपल्याला तरी वाटू नये. निवेदनात 'गेले' की 'गेलं' तेही एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा.

वाचायला द्यायचं तर दोघा-तिघांनाच, आणि 'कशी वाटली' विचारायचं नाही, सगळे छानच म्हणतात. 'खाली कुठे ठेवलीत' एवढंच विचारा, पान नंबर घ्या. गावातल्याला देण्याआधी पात्रांची नावं, धंदे, वाड्या बदला, नाहीतर एक जण तरी स्वतःला ओळखतोच आणि मग लग्नकार्यात तोंड चुकवत फिरावं लागतं.

शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ आणि १९७२चे ४ असे १८ नियम आहेत, एकदा वाचून ठेवा, पण छापायचंच असेल तर मुद्रितशोधकाला द्या आणि पानामागे किती घेणार ते आधीच ठरवा. युनिकोडमधलं लिखाण प्रेसच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलताना जोडाक्षरं फुटतात, म्हणून प्रूफ हातात आलं की आधी 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'किनाऱ्याला' हे शब्द शोधा, ते नीट असतील तर बाकीचंही बहुतेक नीटच असतं.