रिझर्व्हच्या भरवशावर चारचाकी चालवताय? या चुका टाळा

मराठवाड्यात चारचाकी चालवणाऱ्या बहुतेकांचा हात आधी दुचाकीवर बसलेला असतो आणि इंधनाच्या बाबतीत होणाऱ्या बऱ्याचशा चुकांचे मूळ तेथेच आहे. जुन्या मोटारसायकलच्या टाकीला खाली एक कॉक असे. गाडी आचके देऊ लागली की चालकाने डावा हात खाली घालून तो कॉक रिझर्व्हवर फिरवायचा आणि निर्धास्तपणे पुढच्या गावापर्यंत जायचे, अशी ती सोय होती. कॉकच्या आत एक उंच नळी आणि एक तळाशी असलेले तोंड एवढेच असल्यामुळे उंच नळीपर्यंतचे पेट्रोल संपले, तरी तळाचे लिटर-दीड लिटर खात्रीने शिल्लक राहत असे. कारमध्ये असा कॉक नसतो, वेगळी राखीव टाकीही नसते. असते ती एकच टाकी, तिच्या तळाशी बुडालेला एक विजेचा पंप आणि इंधनावर तरंगून काट्याला पातळी कळवणारा एक फ्लोट. तरीही डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की आपण ‘गाडी रिझर्व्हला लागली’ असे म्हणतो आणि त्या शब्दाबरोबर दुचाकीचा निर्धास्तपणाही कारमध्ये घेऊन येतो.

तो दिवा साधारणपणे 35 ते 45 लिटरच्या टाकीत 5 ते 7 लिटर उरले असता लागतो. नेमका आकडा गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत पाहावा, कारण तो प्रत्येक मॉडेलला वेगळा असतो. लिटरला 15 किलोमीटर या हिशेबाने कागदावर 75 ते 105 किलोमीटर निघतात खरे, परंतु अगदी तळाचे थोडे इंधन पंपाला उचलता येत नाही आणि चढावर, वळणावर उरलेले इंधन एका बाजूला सरकते. म्हणून माझ्या मते शहरात फिरताना काटा पाव टाकीवर आला की इंधन भरावे आणि लांबच्या प्रवासाला निघताना अर्ध्या टाकीच्या खाली निघू नये. दिवा लागण्याची वाट पाहणे हा नियम नव्हे. दिवा म्हणजे नियम मोडल्याची सूचना होय.

उरलेले किलोमीटर दाखवणाऱ्या आकड्यावर विसंबणे

आजकाल बरीच माणसे या चुकीमुळे रस्त्यात अडकतात. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात बीडहून अंबाजोगाईला जाताना गाडी मी चालवत होतो आणि शेजारी माझे दाजी बसले होते. निघताना पडद्यावर 96 किलोमीटर असा आकडा होता. “दाजी, इथंच टाकून घ्यायचं का?” असे मी विचारले, तर ते म्हणाले, “शहाण्णव दाखवतंय की, अंबाजोगाईलाच भरू.” मलाही ते पटले. मांजरसुंब्याचा घाट चढताना पिवळा दिवा लागला, पुढे मालट्रकांची रांग लागली, बाहेर पारा बेचाळिशीच्या पुढे असल्यामुळे एसी बंद करण्याची सोय नव्हती, आणि घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत 96 चे 61 झाले होते, जेव्हा प्रत्यक्षात आम्ही पंधरा किलोमीटरही आलो नव्हतो. थोड्या वेळाने आकडा नाहीसा होऊन त्या जागी नुसत्या तीन रेघा उरल्या. पहिल्या पंपावर दोरी बांधलेली होती आणि ‘पेट्रोल शिल्लक नाही’ असे खडूने लिहिलेले होते. पुढच्या पंपावर गाडी पोहोचली, तेव्हा 37 लिटरच्या टाकीत 35.6 लिटर पेट्रोल मावले. म्हणजे टाकीत जेमतेम दीड लिटर उरले होते.

आकडा खोटा नव्हता, आम्ही त्याचा अर्थ चुकीचा लावला. गाडीतील संगणक मागच्या काही किलोमीटरांतील सरासरी मायलेज घेतो आणि उरलेल्या इंधनाला त्याने गुणतो. आदल्या दिवशी आम्ही संभाजीनगरहून चौपदरी रस्त्याने एकसारख्या वेगाने आलो होतो, त्यामुळे त्याने तेच मायलेज पुढेही मिळेल असे धरले. पुढे घाट आहे, एसी जोरात चालणार आहे, मागच्या सीटवर तिघे आणि डिकीत धान्याचे कट्टे आहेत, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. फ्लोटचेही तसेच आहे: चढावर किंवा उतारावर उभ्या असलेल्या गाडीचा काटा सपाट जागेपेक्षा वेगळे दाखवतो, म्हणून काटा नेहमी सपाट रस्त्यावर, गाडी थोडा वेळ स्थिर चालल्यानंतर पाहावा.

‘पाचशेचं टाक’ ही सवय

दर खेपेला पाचशे रुपयांचे पेट्रोल टाकणारी गाडी वर्षभर टाकीच्या खालच्या चौथाईतच फिरत राहते. एकदा काटा लाल रेघेवर गेला म्हणून टाकीतला पंप जळत नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण याबाबत उगाच भीती घातली जाते. पंपाची मोटर आतून वाहणाऱ्या पेट्रोलमुळेच थंड राहते आणि तिला वंगणही त्याचेच मिळते. टाकीच्या तळाशी पंपाभोवती एक छोटे भांडे असते, ते थोडे इंधन धरून ठेवते, त्यामुळे साध्या वळणावर पंप कोरडा पडत नाही. परंतु पातळी सतत अगदी तळाशी राहिली, तर चढावर आणि तीव्र वळणावर ते भांडे पुरत नाही, पंप पेट्रोलसोबत हवा ओढतो आणि त्या काही सेकंदांत त्याला ना गारवा मिळतो ना वंगण. शिवाय थोडे इंधन लवकर तापते. मे महिन्यातील दुपारी डांबरी रस्त्याची धग खालून लागत असताना चार लिटर आणि तीस लिटर यांत मोठा फरक पडतो. पेट्रोल मध्येच तुटले की इंजिन मिसफायर होते, न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो भाग प्रमाणाबाहेर तापतो. पंपापेक्षाही तो दुरुस्तीला महाग पडतो.

‘टाकी रिकामी झाली की तळाचा गाळ ओढला जातो’ हे मात्र अर्धसत्य आहे. पंप टाकी भरलेली असतानाही तळातूनच इंधन उचलतो आणि त्याच्या तोंडाशी जाळी असते. पत्र्याची टाकी असलेल्या, गंज धरलेल्या जुन्या जीपगाड्यांबाबत ती काळजी योग्य आहे. सध्याच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते पाणी शोषून घेते. त्यामुळे पावसाळ्यात महिनाभर न हलवता ठेवायची गाडी जवळजवळ रिकाम्या टाकीने उभी करू नये. टाकीत जितकी रिकामी जागा, तितकी दमट हवा आत राहते. हे इथेनॉल उसापासूनही येत असल्याने आपल्याकडे त्याला नावे ठेवताना जरा जपूनच बोलावे लागते, पण त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी असल्यामुळे मायलेज थोडे घटते, हेही किलोमीटरच्या हिशेबात धरावे.

सीएनजी असलेल्या गाड्यांत हीच चूक दुसऱ्या रूपात होते. गॅस स्वस्त पडतो म्हणून पेट्रोलची टाकी महिनोन्‌महिने काट्याच्या तळाशी ठेवली जाते. अनेक गाड्या सुरू होताना पेट्रोलवर सुरू होतात आणि काहींमध्ये गॅसवर चालतानाही पेट्रोलचा पंप फिरत राहतो. अशा गाडीत पाव टाकी पेट्रोल ठेवावे आणि आठवड्यातून काही किलोमीटर ते वापरावे, म्हणजे ते शिळेही होणार नाही.

पुरवठा नेहमी असेल असे गृहीत धरणे

आपल्याकडच्या अनेक पंपांचे टँकर मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून येतात. जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत ‘हिट अँड रन’च्या नव्या तरतुदीविरोधात ट्रक-टँकर चालकांनी संप केला, तेव्हा पंपांवर लागलेल्या रांगा अनेकांच्या लक्षात असतील. ज्यांची टाकी अर्धी होती, ते निवांत घरी राहिले. रात्रीच्या प्रवासात आडमार्गावरचे पंप बंद असतात, आणि समृद्धी महामार्गावर तर एकदा आत शिरल्यावर मनात आले की बाहेर पडता येत नाही, म्हणून तेथे चढण्याआधीच टाकी भरलेली असावी.

याच्या उलट टोकाची चूकही होते. नोझल आपोआप बंद पडल्यानंतर ‘अजून बसेल, भरा’ म्हणून काठोकाठ पेट्रोल भरून घेऊ नये. वाफ धरणारा कोळशाचा डबा द्रवरूप पेट्रोलने भिजला की तो निकामी होतो. मात्र उन्हाळ्यात टाकी फुल केल्यास स्फोट होतो, हा दर वर्षी फिरणारा संदेश निराधार आहे आणि इंडियन ऑइलने त्याचे जाहीर खंडन केलेले आहे. प्रसरणासाठी लागणारी जागा कंपनीने आधीच सोडलेली असते. चाळीस लिटर पेट्रोल दहा अंशांनी तापले, तर ते अर्ध्या लिटरपेक्षाही कमी फुगते.

इंधन संपलेच तर

पहिला आचका बसताच गाडी डावीकडे घ्यावी, कारण इंजिन बंद पडल्यावर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकचे बळ एक-दोन वेळा दाबेपर्यंतच टिकते. इंडिकेटरचे चारही दिवे लावावेत, इशाऱ्याचा त्रिकोण मागे दूरवर ठेवावा आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 या मदत क्रमांकावर फोन करावा. दुचाकी आडवी करून पेट्रोल एका बाजूला आणण्याची युक्ती येथे चालत नाही. गाडी हलवून काहीही साध्य होत नाही. एक लिटरची पाण्याची बाटली घेऊन पंपावर जाणेही टाळावे, कारण ते धोक्याचे आहे आणि कारला एवढे पेट्रोल पुरतही नाही. योग्य कॅनमधून किमान पाच लिटर आणावे, गाडी चढावर असेल तर थोडे जास्त.

पेट्रोल गाडीत इंधन ओतल्यावर लगेच स्टार्टर मारू नये. किल्ली ‘ऑन’वर दोन-तीन सेकंद ठेवावी, मागून पंपाची बारीक घरघर ऐकू येते, मग बंद करावी. असे तीन-चार वेळा केल्यावर नळीत दाब तयार होतो. त्यानंतरही एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर फिरवू नये. डिझेल गाडीत नळीत हवा अडकते, म्हणून फिल्टरवरचा हातपंप असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबावा. तो नसेल किंवा गाडी तरीही सुरू होत नसेल, तर मेकॅनिकला बोलवावे, कारण डिझेलचा उच्च दाबाचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो आणि कोरडा फिरवत राहिल्यास आतून घासला जातो. गाडी सुरू झाल्यानंतरचे आठ-दहा दिवस मागच्या सीटखालून येणारा आवाज वाढला आहे का, सकाळी स्टार्टर जास्त वेळ मारावा लागतो का आणि चढावर गाडी ओढ सोडते का, एवढे पाहावे. यांपैकी एकही लक्षण दिसल्यास पंप आणि फिल्टर तपासून घ्यावेत.