विहिरीतली हिरवी मखमल राहू द्या, हरभऱ्यातला पतंग मोजा

राम राम मंडळी. हरभरा फुलोऱ्याला लागलाय, त्यात दोन दिवस झाले आभाळ भरून येतंय, असल्या हवेत घाटे (हरभऱ्याच्या शेंगा) पोखरणाऱ्या घाटेअळीची भीती असते, म्हणून घाईनं लिहितोय. परवा एका भावानं फोटो पाठवला, जुन्या विहिरीच्या दगडावर हिरवी मखमल आलीय, हा रोग पिकात उतरंल का, मोरचूद टाकू का म्हणून.

अजिबात टाकू नका भाऊ. ते मॉस आहे. पाण्यावर तरंगणारं, ठिबकच्या फिल्टरमधी अडकणारं बुळबुळीत शेवाळ वेगळं अन् हे वेगळं. याला खरी मुळंच नसतात, बारीक तंतूंनी दगड धरून बसतं, पाणी पानातूनच पितं, पिकाचं काहीच घेत नाही. आपल्या मराठवाड्यात ओल टिकते कुठं, एखादी बारव, आडाची सावलीतली बाजू, तेवढीच त्याला जागा. जपा त्याला.

काळजी करायची ती घाटेअळीच्या पतंगाची. मळकट पिवळा, रात्री बल्बभोवती फिरतो, रोजचाच म्हणून कुणी बघत पण नाही. मादी कोवळ्या शेंड्यावर, कळीवर खसखशीएवढी सुटी सुटी अंडी घालते, शेकड्यानं. अळी बारीक असताना पान खरवडते, पांढुरके डाग दिसतात, तेव्हाच ओळखा, कारण मोठी झाली की घाट्याला गोल भोक पाडून डोकं आत, अर्धं अंग बाहेर, अन् एकटी 30 ते 40 घाटे खाऊन टाकते.

एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून धरणारे) लावा, पिकाच्या फूटभर वर, अन् रोज सकाळी पतंग मोजा. सलग 3 दिवस एका सापळ्यात 8 ते 10 आले किंवा मीटरभर ओळीत 1-2 अळ्या दिसल्या की थांबू नका. फुलोऱ्यात पहिली फवारणी 5 टक्के निंबोळी अर्काची (5 किलो निंबोळी, 100 लिटर पाणी), अळ्या बारीक असतील तर एचएएनपीव्ही (घाटेअळीला रोग लावून मारणारा विषाणू) एकरी 200 एलई (एलई हे त्याचं माप) संध्याकाळी मारा, उन्हात त्याचा जोर जातो. तरी आटोक्यात नाही आलं तर मग इमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के हे रासायनिक कीटकनाशक, 10 लिटर पाण्याला 4.4 ग्रॅम. टी आकाराचे पक्षीथांबे एकरी 20 तरी रोवा, कोतवाल अन् साळुंक्या येऊन बसतात, अळ्या वेचतात, फुकटात काम होतं. दाणे भरले की थांबे काढून घ्या.

अन् फवारणी झाल्यावर पंप विहिरीच्या काठावर धुऊ नका, पाणी पण बिघडतं अन् ती मखमल पण जाते.