वारीतल्या सेवेवर संशोधन करायचंय?

समाजशास्त्र किंवा समाजकार्य शिकणारी मुलं प्रबंधाचा विषय घेऊन येतात, तेव्हा धार्मिक संस्थांचा अभ्यास एका बाजूला असतो आणि स्वयंसेवेचा दुसऱ्या बाजूला. मी त्यांना दोन्ही विषय एकत्र घ्यायला सांगते, आणि त्यासाठी आषाढीच्या वारीत पाठवते.

आधी एक आकडा समजून घ्या. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या जेमतेम २.४ टक्के लोकांनी विनामोबदला स्वयंसेवा, प्रशिक्षण वगैरे कामांना वेळ दिल्याचं दिसतं. धार्मिक आचरण मात्र गप्पाटप्पा आणि सामुदायिक सहभाग यांच्यासोबत वेगळ्याच गटात मोजलं जातं. म्हणजे भजनाला बसलेली बाई एका रकान्यात, आणि तीच उठून पंगतीत वाढायला लागली की कोणत्या रकान्यात? प्रबंधाचा खरा प्रश्न इथे आहे, त्याला घाबरू नका.

वारीत हे उघड्यावर दिसतं. रथापुढच्या आणि रथामागच्या क्रमांकाच्या दिंड्या, विणेकरी, चोपदार, पुढच्या मुक्कामी आधी पोचून तंबू ठोकणारी आणि चुली पेटवणारी माणसं: संघटनेच्या अभ्यासाला याहून काय हवं? वाटेवर कुणी फुकट दाढी करून देतं, कुणी चपला शिवतं, कुणी पाय चेपतं. शेजारीच राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं स्वच्छतेचं काम करत असतात. त्यांना वर्षाला १२० तास भरायचे असतात आणि त्या तासांची नोंद होते. चपला शिवणाऱ्याची नोंद कुणीच ठेवत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येत स्वयंसेवा विनामोबदला आणि सक्तीशिवाय हवी. मग तास भरणारा विद्यार्थी, आणि घराण्याची सेवा मोडायची नाही म्हणून येणारा माणूस, यांत सक्ती कुठे आणि किती? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो.

कामाची पद्धत साधी ठेवा. छापील प्रश्नावली नको. पहाटेपासून काय काय केलं ते क्रमाने विचारा आणि कामागणिक वेळ लिहा. चालताना माणूस अभंगात असतो, त्याला अडवू नका. दुपारचा विसावा बरा. दिंडीप्रमुखांची परवानगी उन्हाळ्यातच घ्या, पण त्यांनी हो म्हटलं म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या मावशींनीही हो म्हटलं, असं धरू नका. त्यांना वेगळं विचारा. धर्मादाय कार्यालयातले नोंदणीकृत संस्थांचे हिशेबही बघा. त्यात देणग्या आणि खर्च सापडतील, या मावशींचे तास नाही.

परतीनंतरचा टप्पा बहुतेक जण सोडून देतात. पाश्चात्त्य संशोधनात नेहमी विचारलं जातं, की नियमित चर्चला जाणारे लोक चर्चबाहेरही जास्त स्वयंसेवा करतात का. तेच इथे तपासायचं तर त्याच माणसांच्या गावी जा. हरिनाम सप्ताहात, रक्तदान शिबिरात, शाळेच्या कामात ती दिसतात का, ते पाहा. त्यासाठी कार्तिकीपर्यंतचा वेळ वेळापत्रकात आधीच राखून ठेवा.