क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे आहे? कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांनी प्रवेशाआधी काय तपासावे

मानसशास्त्र विषय घेऊन बी. ए. झालेल्या विद्यार्थ्याला रुग्णांबरोबर काम करायचे असेल, तर त्याने पुढच्या पदवीचे नाव काय आहे हे पाहण्याआधी तीत प्रत्यक्ष प्रशिक्षण कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली होते, आणि त्या प्रशिक्षणाला मान्यता कोणाची आहे, हे पाहावे. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत मिळणारी बी. ए. किंवा साधी एम. ए. ही विषयाची पक्की बैठक देते; पण केवळ तेवढ्यावर कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ठरत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील व्याख्येत भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेल्या संस्थेची अर्हता किंवा देखरेखीखालील प्रशिक्षणासह दोन वर्षांचे पूर्णवेळ एम. फिल. अपेक्षित आहे. व्यवसाय करण्यासाठी परिषदेच्या नोंदवहीत नावही असावे लागते. औषधे लिहून देण्याचा अधिकार मात्र मनोविकारतज्ज्ञासारख्या डॉक्टरांचाच, हे घरच्यांना आधीच समजावून सांगितलेले बरे.

सध्याचा काळ संक्रमणाचा असल्याने जुन्या माहितीवर विसंबू नये. वरच्या वर्गातली मंडळी आजही ‘आधी एम. ए., मग एम. फिल.’ हाच रस्ता सांगतात, परंतु नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम. फिल. बंद झाले आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रापुरती, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती, दिलेली मुदतवाढ विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंतच ठेवली. त्याच्या जागी परिषदेने एम. ए. क्लिनिकल सायकॉलॉजी, साय. डी. (मानसशास्त्रातील व्यावसायिक डॉक्टरेट) असे अभ्यासक्रम पुढे आणले आहेत. म्हणून संस्थेच्या माहितीपत्रकातील ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर न थांबता परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीत संस्थेचे नाव, अभ्यासक्रमाचे नेमके नाव, मंजूर जागा आणि मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे चारही तपशील जुळवून पाहावेत. नोकरी सांभाळून दूरस्थ पद्धतीने एम. ए. करण्याचा मार्ग अनेकांनी निवडला होता. तो आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासाठी बंद केला आहे. आठवडाभरात समुपदेशक बनवणाऱ्या प्रमाणपत्रांबद्दल तर न लिहिलेलेच चांगले.

संस्था निवडताना कोल्हापूरकरांची नजर सवयीने पुण्याकडे जाते. वास्तविक त्याच महामार्गाने दक्षिणेला गेल्यास धारवाडची मानसिक आरोग्य संस्था, डिमहान्स, पुण्यापेक्षा जवळ पडते आणि चिकित्सालयीन मानसशास्त्राच्या प्रशिक्षणासाठी ती परिचित आहे. अडचण अंतराची नसून भाषेची आहे, कारण तेथील बहुतेक रुग्ण कन्नड बोलणार आणि मानसशास्त्रज्ञाचे सारे काम बोलण्यातूनच चालते. सीमाभागातल्या, घरात दोन्ही भाषा बोलणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र हीच गोष्ट फायद्याची ठरते.

एम. ए. च्या काळातही हात चालू ठेवता येतो. महाराष्ट्रातील नव्या पदव्युत्तर अभ्यासक्रम आराखड्यात पहिल्या वर्षी चार श्रेयांकांचे (क्रेडिटचे) कार्यप्रशिक्षण, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘ओजेटी’, असते. ते केवळ सही-शिक्क्यासाठी उरकू नये. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या, म्हणजे आपल्या सीपीआरसारख्या, सार्वजनिक रुग्णालयाच्या मनोविकार विभागात बसण्याची परवानगी विभागप्रमुखांच्या पत्राने मागावी. ती मिळाली नाही तर विशेष मुलांची शाळा किंवा व्यसनमुक्ती केंद्र पाहावे. रुग्ण एकट्याने तपासण्याची घाई या टप्प्यावर मुळीच करू नये.

प्रशिक्षणाचा खरा कणा म्हणजे रुग्णवृत्तांत, म्हणजे रुग्णाच्या त्रासाची क्रमवार लेखी नोंद, आणि नवशिक्याचा कस तेथेच लागतो. मुख्य तक्रार रुग्णाच्याच शब्दांत, कालावधीसह लिहायची असते. कागल तालुक्यातून आलेली बाई ‘रातच्याला छातीत धडधडतंय, झोप न्हाई’ असे म्हणाली, तर कागदावर तेच वाक्य आणि पुढे ‘तीन महिने’ असे यावे; तेथे ‘चिंता विकार’ लिहिणे म्हणजे तपासणीआधीच निकाल देणे होय. मग त्रास कशाने सुरू झाला, कशाने वाढतो, आधी असे कधी झाले होते का, घरात कोणाला होते का, अशा क्रमाने जावे. सोबत आलेल्या नातेवाइकाचे म्हणणे वेगळे लिहून तो रुग्णाबरोबर किती काळ राहतो आणि त्याच्या माहितीवर किती भरवसा ठेवता येईल, याचीही नोंद करावी. जोतिबाच्या यात्रेत अंगात येते असे कोणी सांगितले, तर हसू नये आणि लगेच भ्रमाची खूणही करू नये. ते यात्रेपुरतेच असते की एरवीही, त्यामुळे घरकाम आणि शेतातले काम थांबते का, आणि भोवतालच्या माणसांना ते नेहमीचे वाटते की वेगळे, हे विचारल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. हे शिकायला रुग्णासमोर बसणे आणि नंतर मार्गदर्शकासमोर तोच कागद पुन्हा उघडणे, दोन्ही लागते.

चाचण्यांचे आकर्षण विद्यार्थ्यांना फार असते. बिने-कामत बुद्धिमापन चाचणीपासून सुरुवात करणे सोयीचे, कारण मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतरित झालेली ही चाचणी आपल्याकडे आजही वापरात आहे. पण गुणांक काढता येणे वेगळे आणि मूल उपाशी, घाबरलेले किंवा कानाने अधू असताना तो गुणांक किती खरा मानायचा, हे ठरवता येणे वेगळे. शिवाय जर्नलमध्ये, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वहीत, वा वर्गातील सादरीकरणात रुग्णाचे नाव, गाव किंवा ओळख पटेल असा तपशील येऊ देऊ नये, कारण गोपनीयता हा त्याचा कायदेशीर हक्क आहे. कोल्हापुरात दोन माणसे बोलली की तिसरा ओळखीचा निघतो, त्यामुळे केवळ नाव गाळून भागत नाही.

प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी त्या विभागात सध्या शिकत असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठावे. आठवड्यातून किती वेळ तो प्रत्यक्ष ओपीडीत बसतो, दाखल रुग्ण पाहायला मिळतात का, लहान मुले आणि प्रौढ दोन्ही येतात का, मार्गदर्शक एका वेळी किती जणांना पाहतात, आणि लिहिलेला वृत्तांत दुरुस्त होऊन परत मिळतो की नुसती सही होऊन, हे त्याला मोकळेपणाने विचारावे.