कॅम्परने जाताना सांता फेतील अर्ध्या दिवसाची तयारी

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातून कॅम्परने, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीने, जाताना सांता फेसाठी अर्धाच दिवस हाती असेल, तर सर्वांत आधी गाडीची सोय लावावी. १६१०च्या सुमारास वसलेल्या या शहराच्या जुन्या भागातले रस्ते अरुंद आणि वळणावळणाचे असल्याने लांब वाहन शहराबाहेरच्या कॅम्पग्राउंडवर ठेवून बसने किंवा टॅक्सीने प्लाझा या मध्यवर्ती चौकात यावे. ऑगस्टमध्ये आदिवासी कलावंतांचा मोठा बाजार भरतो, तेव्हा जागा फार आधी राखून ठेवावी लागते. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली उतरतो, म्हणून पाण्याची बाहेरची नळी झोपण्यापूर्वी सोडवून आत घ्यावी.

शहर सुमारे २,१३० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही बरेच उंच आहे. हवा विरळ आणि कोरडी असल्याने पाण्याची बाटली, टोपी आणि ऊन रोखणारे मलम प्रत्येकाजवळ असावे, आणि पोहोचल्याबरोबर घाईने चालू नये. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजांसह पाऊस येतो, त्यामुळे पायी फिरणे सकाळीच उरकावे.

पाहण्याची यादी छोटी ठेवावी. माझ्या मते सर्वाधिक वेळ ‘पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स’ या मातीच्या विटांच्या जुन्या वास्तूला द्यावा. १६८०च्या उठावात प्युब्लो या स्थानिक आदिवासी लोकांनी स्पॅनिश सत्तेला येथून हाकलून लावले आणि १६९२पर्यंत तिला परत पाय ठेवता आला नाही. आज त्याच वास्तूच्या ओसरीत प्युब्लो आणि इतर जमातींचे कारागीर चांदीचे दागिने आणि मातीची भांडी मांडून बसतात. येथील वस्तू विक्रेत्याने किंवा त्याच्या घरच्यांनी स्वतः घडवलेली असावी लागते आणि तिच्यावर घडवणाऱ्याची खूण असते. म्हणून रोख रक्कम सोबत ठेवावी, किमतीत घासाघीस टाळावी आणि छायाचित्र काढण्यापूर्वी परवानगी मागावी. त्यानंतर जवळच्या लॉरेटो चॅपेलमधला मधल्या खांबाशिवाय दोन पूर्ण वेढे घेत चढणारा लाकडी जिना तेवढा पाहावा. जॉर्जिया ओकीफ यांच्या चित्रांचे संग्रहालय उभ्या-उभ्या पाहण्याजोगे नाही, ते पुढच्या खेपेसाठी राखावे.

जेवताना लाल की हिरवी मिरची, असे विचारले जाते; दोन्ही हव्या असल्यास ‘ख्रिसमस’ म्हणावे.

अल्बुकर्की शहराकडे निघणार असल्यास ला बहादाचा मोठा उतार लागतो, तेव्हा ब्रेक आणि टायरमधली हवा कॅम्पग्राउंडवरच तपासून घ्यावी आणि उतरताना गाडी खालच्या गियरमध्ये ठेवावी.