प्रॉक्सीवर सायफर ठरवताना या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी सर्व्हर लावणाऱ्यांना हा अनुभव येऊ शकतो: एनजिनएक्स या सॉफ्टवेअरची प्रॉक्सी (बाहेरची कनेक्शनं घेऊन आतल्या मूळ सर्व्हरकडे पाठवणारा मधला सर्व्हर) नवी, पण हिशेबाचा संगणक अजून विंडोज ७ वर. कनेक्शन तुटतं, लॉगमध्ये ‘नो शेअर्ड सायफर’ उमटतं, म्हणजे दोन्ही बाजूंना चालेल असं एकही सायफर (डेटा कूटबद्ध करायची पद्धत) सापडलं नाही. मग घाईत कुठूनतरी सायफरची लांबलचक यादी आणून चिकटवली जाते, त्यात आरसी४ आणि थ्रीडीईएस ही जुनी सायफरसुद्धा असतात. बिलं निघायला लागतात, म्हणून ती ओळ पुन्हा कुणी बघत नाही. कृपया असं करू नका. टीएलएसमध्ये (कनेक्शन सुरक्षित करणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) आरसी४ वापरायला २०१५ पासून मनाई आहे, आणि थ्रीडीईएसची कमजोरी २०१६ मध्ये स्वीट३२ हल्ल्याने दाखवून दिली.

आधी कारण शोधा. विंडोज ७ ला टीएलएस १.२ येतं, पण सर्व्हरचं प्रमाणपत्र आरएसए प्रकारचं असेल तर ईसीडीएचई (किल्ली ठरवायची पद्धत) आणि जीसीएम (कूटबद्ध करायची आधुनिक पद्धत) एकत्र येत नाहीत. ईसीडीएसए या दुसऱ्या प्रकारचं प्रमाणपत्र असेल तर येतात. म्हणजे यादी ढिली करायची गरजच नाही. एनजिनएक्सला दोन्ही प्रकारची प्रमाणपत्रं एकत्र देता येतात, तेवढं करा आणि यादीत ईसीडीएसएची नावं आहेत ना ते बघा. लॉगमध्ये ‘अनसपोर्टेड प्रोटोकॉल’ असेल, तर भांडण सायफरचं नाहीच, टीएलएसच्या आवृत्तीचं आहे. टीएलएस १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झालेत. ते चालू करण्यापेक्षा त्या संगणकावर १.२ चालू करा.

एनजिनएक्समध्ये सायफरची यादी देणारी ‘एसएसएल_सायफर्स’ ही ओळ टीएलएस १.३ ला लागूच होत नाही. त्यामुळे यादी बदलून ब्राउझरमध्ये तपासलं तर फरक दिसत नाही, कारण ब्राउझर १.३ वर बोलतो. ओपनएसएसएलच्या एस_क्लायंट या तपासणीच्या कमांडने १.२ सक्तीचं करून तपासा. एचएप्रॉक्सी या दुसऱ्या प्रॉक्सी सॉफ्टवेअरमध्येही १.३ साठी ‘सायफरसूट्स’ ही वेगळी सेटिंग आहे.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते मागच्या बाजूकडे. प्रॉक्सी ते मूळ सर्व्हर हे स्वतंत्र कनेक्शन असतं, आणि तिथे एनजिनएक्स प्रमाणपत्र तपासतच नाही: ‘प्रॉक्सी_एसएसएल_व्हेरिफाय’ मुळात बंद असतं. सायफर कितीही भक्कम असो, समोर कोण आहे हेच माहीत नसेल तर मधला माणूस सगळं वाचू शकतो. ते चालू करा आणि विश्वासू प्रमाणपत्रांची फाइल द्या. मूळ सर्व्हरला साइटचं नाव कळवणारं ‘प्रॉक्सी_एसएसएल_सर्व्हर_नेम’ही बंदच असतं. एका आयपीवर अनेक साइट असल्या की नाव न कळल्यामुळे हँडशेक (कनेक्शन सुरू करतानाची बोलणी) फसतो किंवा भलतंच प्रमाणपत्र येतं, आणि दोष सायफरवर जातो. अपस्ट्रीम गट (मूळ सर्व्हरना एका नावाखाली आणणारा) वापरत असाल तर ‘प्रॉक्सी_एसएसएल_नेम’मध्ये खरं डोमेन लिहा, नाहीतर पडताळणीसाठी गटाचंच नाव धरलं जातं.