वाटीतलं आभाळ धूसर का येतं? प्रतिबिंबांचे फोटो काढताना या चुका टाळा

तांब्या, परात, चमचा, काचेच्या बांगड्या: अमूर्त फोटोसाठी लागतं ते सगळं घरातच असतं. तरी फोटो फसतो, आणि बहुतेक वेळा एकाच कारणानं. फोकस भांड्यावर घेतलेला असतो, प्रतिबिंबावर नाही.

परातीतल्या पाण्यात समोरचा वाडा दिसतो, पण फोकससाठी तो पाण्याच्या पृष्ठभागावर नसतो. कॅमेऱ्यापासून पाणी आणि पाण्यापासून वाडा, या दोन्ही अंतरांची बेरीज होते तितका तो लांब असतो. पितळी तांब्याच्या फुगीर पोटाचा हिशेब वेगळा. पोटाची त्रिज्या 6 सेंमी असेल, तर दूरच्या वस्तूंची प्रतिमा पृष्ठभागाच्या साधारण 3 सेंमी मागे पडते. चमच्याच्या खोलगट बाजूत ती उलटी दिसते आणि चमच्याच्या पुढे तयार होते. ऑटोफोकस मात्र कडा नाहीतर ओरखडा धरून बसतो. म्हणून मॅन्युअल फोकस लावा आणि स्क्रीनवर चित्र मोठं करून तपासा.

भांडं आणि प्रतिबिंब दोन्ही स्पष्ट यावं म्हणून एफ/22 लावणं, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी लहान करणं, ही पुढची चूक. मॅक्रोमध्ये 1:1 वर (म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी पडते तेव्हा) एफ/16 हे प्रत्यक्षात एफ/32 सारखं वागतं आणि विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यानं) सगळंच चित्र मऊ पडतं. त्याच 1:1 वर, एफ/8 ला, फुल-फ्रेम (36×24 मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यात जेमतेम 1 मिमी भाग स्पष्ट येतो. तेव्हा ट्रायपॉडवर फोकस स्टॅकिंग करा (वेगवेगळ्या फोकसचे फोटो काढून एकात जोडा), पण कॅमेरा पुढेमागे सरकवू नका, फोकस रिंगच फिरवा. कॅमेरा हलला की वक्र भांड्यातलं प्रतिबिंबही बदलतं आणि फ्रेम जुळत नाहीत.

पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) कायम लावून ठेवू नका. पाण्याकडे पृष्ठभागाशी सुमारे 37 अंशांच्या कोनात पाहिलं, तर तो तुम्हाला हवं असलेलं प्रतिबिंबच पुसून टाकतो. उघड्या धातूची चमक मात्र त्यानं फारशी कमी होत नाही.

एप्रिल-मेच्या उन्हात स्टीलवर पांढरे डाग जळतात. खिडकीला पांढरं धोतर लावा, एक्स्पोजर -1 (एक पायरी गडद) ठेवा. भांड्यात तुमचाच शर्ट दिसत असेल, तर काळ्या कापडाला लेन्सपुरतं भोक पाडून त्यामागे उभे राहा. एलईडीखाली फोटोत पट्टे आले, तर शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद करा.

आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. थेंब वाळला की पांढरी कड उरते, म्हणून आरओचं पाणी वापरा. काचेवर थेंब टिकवायचे असतील तर पाणी आणि ग्लिसरीन समप्रमाणात घ्या, उकाड्यातही ते लवकर वाळत नाहीत. धूळ आधी ब्लोअरनं उडवा. तशीच पुसली तर चरे पडतात, आणि जवळून प्रत्येक चरा दिसतो.

पाण्यावर करडईच्या तेलाचे थेंब टिपताना हिमरूचा (नक्षीदार विणीच्या कापडाचा) तुकडा थेट काचेच्या भांड्याखाली ठेवला, तर वीणच दिसत राहते. भांडं दोन्ही बाजूंनी पुस्तकांवर टेकवून कापड 20-25 सेंमी खाली ठेवा, म्हणजे नुसते रंग उरतात. थेंब एकमेकांत मिसळत असतील तर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, आणि पंखा बंद करून पाणी स्थिर झाल्यावरच शटर दाबा.